कुठं उतरणार?

कराड-पाटण रस्त्यानं मी ३१ वर्षं एसटीनं ये-जा केली. वाटेतल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होते. सकाळची तीच गाडी, कोयनेच्या कडेनं जाणारी तीच वळणं, आणि गाडी सुटली की पुढून मागे सरकत येणारा कंडक्टरचा तोच प्रश्न, "कुठं उतरणार?" चेहरा ओळखीचा झाला तरी तो विचारायचाच. उत्तर दिल्याशिवाय तिकीट नाही आणि तिकिटाशिवाय प्रवास नाही. हा प्रश्न माझ्या अंगात इतका मुरला की वर्गातही मी मुलांना वेगळ्या शब्दांत तोच विचारत राहिले.

गेल्या ऑक्टोबरात तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियामध्ये, गोरेमे गावाबाहेरच्या माळावर, पहाटेच्या अंधारात मी एका भल्यामोठ्या वेताच्या टोपलीशेजारी उभी होते. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नाव विचारलं, वजन विचारलं, गुडघ्याचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालंय का ते विचारलं. म्हणून मीच पायलटला विचारलं, "आपण उतरणार कुठं?" त्यानं नुकताच जत्रेतल्यासारखा एक लहानसा फुगा हातातून सोडला होता आणि त्याच्याकडे टक लावून तो पाहत होता. फुगा सरळ वर गेला, मग डावीकडे कलला, आणखी उंचावर जाऊन उजवीकडे वळला आणि अंधारात नाहीसा झाला. त्याची नजर खाली आली तेव्हा तो साध्या इंग्रजीत म्हणाला, "दिशा वारा ठरवेल. शेत मी शोधीन."

तो आमचा तिसरा प्रयत्न होता. आधीच्या दोन पहाटे उड्डाणं रद्द झाली होती. तिथं रोज पहाटे हवामान पाहून नागरी विमानवाहतूक खातं परवानगी देतं: हिरवा म्हणजे उडा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज नाही. दोन्ही दिवस लाल. अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि तरीही लाल. पहिल्या दिवशी मला ते पटेना. आमच्या मुक्कामाच्या मालकानं आकाशाकडे बोट करून एकच शब्द उच्चारला, "हवा." तुर्की भाषेतही हवेला हवाच म्हणतात, आणि आपण 'आज हवा बरी नाही' म्हणतो त्या अर्थानंही तोच शब्द वापरतात. खाली पान न हलवणारी हवा तीनशे मीटरवर जोरात धावत असू शकते, हे मी स्वतः फळ्यावर बाण काढून शिकवलेलं. पण सहलीला निघालेल्या माणसाला आपल्या डोक्यावरही तसंच असेल हे चटकन मान्य होत नाही.

माझ्याबरोबर ताई होती, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले, त्यामुळे तिला फुग्यात बसता येणार नव्हतं. शिवाय तिच्या मनात भीती होती, आणि ती खोटी नव्हती. २०१३ च्या फेब्रुवारीत इजिप्तमध्ये लक्सरला फुग्याला आग लागून १९ प्रवासी गेले होते. निघण्यापूर्वी तिनं ते वाचलं होतं आणि मला वाचून दाखवलं होतं. पण जाऊ नकोस असं ती म्हणाली नाही. तिसऱ्या पहाटे पाच वाजता मला न्यायला गाडी आली तेव्हा तिनं आपली लोकरी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "मी गच्चीवर बसते."

फुगा उभा राहताना पाहणं हा या प्रवासातला निम्मा भाग आहे असं मला वाटतं. आधी तो जमिनीवर आडवा पसरलेला असतो, नायलॉनचा, विझल्यासारखा. मोठा पंखा लावून त्यात थंड हवा भरतात. निखाऱ्यावर टाकलेल्या भाकरीचा पापुद्रा एका कडेनं सुटतो, मग फुगवटा सरकत दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि भाकरी टम्म होते, अगदी तसं ते कापड एका बाजूनं सुटत गेलं. मग बर्नर पेटला. आईच्या पितळी स्टोव्हला पंप मारल्यावर यायचा तो आवाज, पण काळजात धडकी भरवणारा. माणसाच्या दुप्पट उंचीची ज्योत कापडाच्या तोंडात शिरली, आणि काही मिनिटांत आडवं पडलेलं ते धूड हळूहळू उठून आमच्या डोक्यावर उभं राहिलं. आजूबाजूच्या अंधारात तसेच कितीतरी फुगे आतून उजळत होते आणि मावळत होते.

'हवा तापली की प्रसरण पावते, हलकी होते आणि वर जाते.' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. आरोह पाऊस शिकवताना, खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना. या वाक्यावर वीस माणसांचा जीव टांगता येतो हे मात्र त्या टोपलीत चढेपर्यंत अंगाला कळलं नव्हतं. आकडेमोड सोपी आहे. त्या उंचीवर आणि त्या थंडीत, आतली हवा नव्वदेक अंशांपर्यंत तापवली तर एका घनमीटरमागे पाव किलोच्या आसपास वजन उचललं जातं. पाव किलो म्हणजे फार नव्हे. म्हणूनच वीस प्रवाशांच्या फुग्याला दहा हजार घनमीटरच्या आसपास हवा लागते. आणि गंमत अशी की तापून हलकी झालेली ती हवाही आठ टनांहून अधिक भरते. म्हणजे टोपली, प्रवासी, गॅसच्या टाक्या या सगळ्यांच्या कितीतरी पट वजनाची हवा आमच्या डोक्यावर होती, आणि तीच आम्हाला उचलणार होती.

ज्यांनी हे पहिल्यांदा केलं त्यांना कारण ठाऊक नव्हतं. फ्रान्समधल्या आनोने गावचे माँगोल्फिए बंधू कागदाच्या व्यवसायातले. त्यांची समजूत होती की धुरातच काही हलका वायू असतो, म्हणून ते पेंढा आणि लोकर जाळून मुद्दाम दाट धूर करत. १७८३ च्या सप्टेंबरात व्हर्सायला त्यांनी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर पाठवला, आणि २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसं पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटं तरंगत गेली. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. कारण चुकीचं धरूनही उड्डाण बरोबर झालं, याचं मला मुलांना सांगताना नेहमी अप्रूप वाटायचं. आज ज्या तऱ्हेच्या फुग्यात आपण बसतो, नायलॉनचं कापड आणि प्रोपेनचा बर्नर, तो १९६० मध्ये अमेरिकेत एड योस्ट यांनी उडवला.

शाळेत फुग्यावर सगळ्यात चांगला झालेला तास मात्र २००५ च्या नोव्हेंबरातला. शनिवारी, २६ तारखेला, विजयपत सिंघानिया मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून निघाले आणि २१ हजार मीटरच्या वर जाऊन सिन्नरजवळ उतरले. उंचीचा जागतिक विक्रम. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. सोमवारी मी महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर टांगला आणि मुंबई ते सिन्नर दोरा लावला. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, त्यांना सिन्नरलाच जायचं होतं का?" वर्ग हसला. मीही हसून पुढे गेले. त्या प्रश्नापाशी मी थांबायला हवं होतं, असं आता वाटतं.

वर जाणं कळत नाही. मी हे आधी ऐकलं होतं, तरी मनाशी काहीतरी धरून ठेवलं होतं: पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो तसं काही, किंवा गच्चीच्या कठड्यावरून वाकल्यावर येते तशी घेरी. काहीच झालं नाही. टोपली जमिनीवर दोनदा हलकी घासली आणि मग समोर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे खाली गेले. आपण वर जातोय असं नाही, जमीनच अलगद काढून घेतली जातेय असं वाटलं. घेरीसुद्धा आली नाही. जमिनीपर्यंत जोडणारी भिंत किंवा खांब काहीच नसल्यानं डोळ्याला उंची मोजायला आधारच मिळत नसावा.

बर्नर बंद झाला की शांतता. अशी शांतता मी याआधी फक्त पावसाळ्यात, धुकं उतरल्यावर, कोयनेच्या खोऱ्यात अनुभवली होती. खालून कोंबडा आरवल्याचं स्वच्छ ऐकू आलं. कुत्री भुंकली. कोणीतरी दार उघडून कोणाला तरी हाक मारली, ती हाकसुद्धा. आणि वारा नाही. आम्ही वाऱ्याबरोबरच जात होतो, म्हणून वारा लागतच नव्हता. ताईच्या शालीचे गोंडे सरळ खाली लोंबत होते. तिथं निरांजन लावलं असतं तर ज्योत हलली नसती. फक्त पायलट एका थरातून दुसऱ्या थरात शिरायचा तेव्हा गालावरून क्षणभर काहीतरी सरकायचं, जिन्यात कोणी बाजूनं निघून जावं तसं, आणि पुन्हा सगळं स्थिर.

त्या स्थिरतेत माझ्या मनात आपल्या भाषेचा विचार आला. मराठीत वाऱ्याशी नातं जोडलेलं माणूस बहुधा वाया गेलेलं असतं. वाऱ्यावर सोडलेली पोरं. वारा प्यालेलं वासरू. वाऱ्यावरच्या गोष्टी. वाहवत गेला, भरकटला. मी स्वतः पालकसभेत किती आईबापांना म्हटलंय, "पोराला असं वाऱ्यावर सोडू नका." आणि इथं मला अक्षरशः वाऱ्यावर सोडलं होतं, आणि इतकं सांभाळलेलं मला फार थोड्या वेळा वाटलं आहे.

कारण फुग्याला सुकाणू नसतं, पण पायलटला काम भरपूर असतं. त्याच्या हाती दोनच गोष्टी: वर जाणं आणि खाली येणं. बर्नर पेटवला की वर. माथ्यावरची झडप दोरीनं उघडून थोडी हवा सोडली की खाली. पण हवेचे थर वेगवेगळ्या दिशांना चाललेले असतात, म्हणून उंची निवडणं हीच दिशा निवडणं. पहाटे थंड, जड हवा उतारावरून दरीत ओघळत असते. पुस्तकात आपण त्यांना पर्वतीय वारे म्हणतो. तो आम्हाला त्या ओघळात उतरवायचा, दरीच्या तोंडापर्यंत न्यायचा, मग वरच्या थरात चढवून पुन्हा मागे आणायचा. परीक्षेत दोन गुणांना विचारलं जाणारं ते टिपण त्याच्या हातात वाहन झालं होतं. शिवाय एवढा मोठा फुगा लगेच ऐकत नाही. ज्योत दिल्यावर काही सेकंद काहीच घडत नाही, मग तो उठतो. त्यामुळे समोर सुळका आलाय हे दिसण्याच्या कितीतरी आधी पायलटला बर्नर पेटवावा लागतो, आणि पेटवून झाल्यावर थांबावं लागतं. पुन्हा पेटवण्याचा मोह आवरावा लागतो. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. तो हात बहुतेक वेळ नुसता बर्नरच्या मुठीवर टेकलेला होता.

मला एक विद्यार्थी आठवला. डोंगरातल्या वाडीवरून तासभर चालत यायचा. दहावीच्या वर्षी मी सगळ्यांना एकेकट्याला बोलावून विचारत होते, पुढं काय करणार. कोणी आयटीआय म्हणालं, कोणी बारावी सायन्स, कोणी पोलीसभरती. हा म्हणाला, "बघू बाई. जसं जमंल तसं." मी त्याला बोलले. चांगलीच बोलले, चारचौघांत. ज्याला कुठं जायचंय ते ठाऊक नाही तो कुठंच पोचत नाही, असं काहीतरी. तो खाली बघत राहिला. पंधराएक वर्षांनी पाटणच्या स्टँडवर तो भेटला, वाकून नमस्कार केला, आणि मधली वर्षं सांगितली: चिपळूणला दुकानात, मग रत्नागिरीला मच्छीमार बोटीवर, तिथं इंजिनं शिकला, मग वडील आजारी म्हणून परत, आणि आता शेतीपंप दुरुस्त करतो, वाडीवर घर बांधलंय. कुठलीही तक्रार नाही, फुशारकी नाही. "तेव्हा जे मिळंल ते धरलं बाई," तो म्हणाला. घरात तेव्हा काय चाललं होतं, त्याच्या हाती किती दोऱ्या होत्या, हे मी त्याला दहावीत कधी विचारलंच नव्हतं. वर जाणं आणि खाली येणं, एवढंच त्याच्या हाती असेल. मी त्याला सुकाणू का नाही म्हणून रागावले होते. स्टँडवर मी त्याची माफी मागितली नाही. माझी गाडी लागली होती.

सूर्य आला तेव्हा आम्ही बऱ्याच उंचीवर होतो. पूर्वेला एर्जियेसचा डोंगर, ३,९०० मीटरहून उंच, माथ्यावर नवा बर्फ. हा सगळा प्रदेश त्यानं आणि त्याच्यासारख्या इतर ज्वालामुखींनी घडवला. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण आपल्याकडे लाव्हा वाहत आला आणि थिजून बेसॉल्ट झाला, काळा, टणक. इथं राख पडली, थरांवर थर, आणि तिचा मऊ दगड झाला. त्यावर कुठं कुठं कठीण खडकाची टोपी राहिली. पाण्यानं भेगाभेगांतून मऊ दगड धुऊन नेला, टोपीखालचा तेवढा वाचला, आणि उभे राहिले सुळके. तुर्की लोक त्यांना पऱ्यांची धुराडी म्हणतात. त्याच मऊ दगडात माणसांनी घरं कोरली, चर्च कोरली, आत भिंतींवर चित्रं काढली. १९८५ पासून हा भाग जागतिक वारशात आहे. वेरूळला कठीण कातळ वरून खाली कोरत नेणारे हात आणि इथं मऊ दगडात खोली खोदणारे हात, दोघांनीही दगड बाहेर काढूनच घर केलं. मला ती माणसं एकमेकांना भेटायला हवी होती असं उगाच वाटून गेलं.

मग पायलटनं आम्हाला दरीत उतरवलं, इतकं खाली की कड्यात कोरलेल्या कबुतरांच्या खुराड्यांची भोकं माझ्या चेहऱ्यासमोरून सरकली. शतकानुशतकं शेतकऱ्यांनी कबुतरं पाळली ती द्राक्षमळ्यांना खत मिळावं म्हणून. एका भोकाच्या कडेला एक कबुतर बसलं होतं. त्यानं मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि ते उडालं नाही. आम्ही आवाज न करता, त्याच्याच हवेतून, त्याच्या दारावरून जात होतो. इतक्या जवळून कुठल्याही कड्याकडे मी पाहिलं नव्हतं, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्म काढलाय. तीन-चार मिनिटं असतील. त्या वेळात टोपलीतलं कोणीही बोललं नाही, फोटोही फार थोड्यांनी काढले.

जवळजवळ तासानंतर पायलटच्या आवाजाचा नूर बदलला. ऊन चढत होतं. जमीन तापली की खालून गरम हवेचे लोट उठू लागतात, आणि गरम हवेवर चालणाऱ्या या वाहनाला तेच सोसत नाही. म्हणून हे सगळं पहाटे. रेडिओवर तो सारखं बोलत होता. तेव्हा मला खालची जीप दिसली. मागे लांब चपटी गाडी जोडलेली, धुळीचा पट्टा उडवत ती मातीच्या रस्त्यांवरून आमच्या रोखानं येत होती. ती पहिल्यापासून येतच होती, मी पाहिली नव्हती. आम्ही जमीन सोडल्या क्षणापासून चार-पाच माणसं वारा वाचत, शेताचे बांध चुकवत, आम्ही कुठं उतरू याचा अंदाज घेत तासभर धावत होती.

आम्हाला शिकवल्याप्रमाणे आम्ही जाण्याच्या दिशेकडे पाठ केली, गुडघे वाकवले, दोरीच्या कड्या धरल्या. टोपली एकदा टेकली, उसळली, पुन्हा टेकली, थोडी फरफटली. वेत करकरला. बुरुडाच्या विणीला असं वाकता येतं म्हणूनच आजही टोपली वेताची ठेवतात, पत्र्याची नाही. मग खालून हात आले, सात-आठ हात, त्यांनी कडा धरली आणि टोपली थांबली.

शेत भोपळ्याचं होतं. त्या भागात भोपळा बियांसाठी लावतात. बिया काढून घेतल्यावर गर शेतातच टाकून देतात. सगळीकडे फुटलेले पिवळे भोपळे, त्यांच्यावर दव. भोपळ्यात बसून जंगल पार करणारी गोष्टीतली म्हातारी मला आठवली. लेकीकडून निघालेली, रस्ता भोपळ्यावर सोपवलेली. बांधावर एक शेतकरी उभा होता. पायलट त्याच्याशी बोलायला गेला. दोघांनी हात मिळवले आणि थोडा वेळ मातीकडे बघत बोलले. तेवढ्यात फुग्याचं कापड आडवं पडलं होतं. त्यातली हवा काढायला माणसं हवी होती, म्हणून आम्हीही लागलो. मी त्या कापडावर दोन्ही तळहात ठेवून भार दिला. ते अजून कोमट होतं. आठ टन हवा हळूहळू कुठल्याही फुग्याची नसलेली हवा होत होती.

परत आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. ताई गच्चीवर त्याच खुर्चीत होती, समोर चहाचे दोन रिकामे पेले. मी तिची शाल तिच्या खांद्यावर घातली.

"बसूनच होतीस?"

"उभीच होते बराच वेळ. आता बसले."

"मी दिसले का गं?"

"शंभर तरी फुगे होते. तुझा कुठला ते कसं कळणार?" ती म्हणाली. "म्हणून एकेकाला हात केला. दिसेनासा होईस्तोवर. सगळ्यांना."